रिपोर्ट चांगला आला, मग मी अजून अशी का?

कोल्हापुरातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवणाऱ्या ४३ वर्षांच्या शिक्षिकेचं हे पत्र. ओळख पटेल असा तपशील काढून ते थोडक्यात देत आहोत.

गेल्या नोव्हेंबरात फळ्यावर गणित सोडवताना त्यांचा उजवा हात अचानक झटके देऊ लागला. तपासणीत मेंदूच्या आवरणातून वाढलेली गाठ, म्हणजे मेनिन्जिओमा, डाव्या बाजूला पुढच्या भागात दिसली. जानेवारीच्या अखेरीस कवटी उघडून ती पूर्ण काढली. गाठ पहिल्या ग्रेडची, कर्करोगाची नव्हे. तीन महिन्यांनंतरचा एमआरआयही स्वच्छ आला. एप्रिलमध्ये सलग दोन आठवडे त्यांना इतकं बरं वाटलं की संध्याकाळी रंकाळ्यावर फेरी मारून येऊ लागल्या. मग नणंदेच्या वास्तुशांतीला गेल्या, पंगतीत वाढलं, दिवसभर माणसांत राहिल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस अंथरुणातून उठवेना. तेव्हापासून चार दिवस बरे, दोन दिवस वाईट असं चाललंय. यंदा दहावीत जाणाऱ्या मुलाला वर्गसमीकरण समजावताना मधली पायरी हरवते. 'अवयव' हा रोजचा शब्द ओठांवर येत नाही. बारीकसारीक कारणावरून ओरडतात, मग एकट्या रडतात. झटक्यांवरच्या गोळीनेच ही चिडचिड होते असं वाटून ती बंद करण्याचा विचार आहे. मिस्टर म्हणतात, "रिपोर्ट नॉर्मल आहे, आता जरा मनावर घे." सासूबाई म्हणतात, "डोक्याचं ऑपरेशन झालंय, तू कशाला हात लावू नकोस." त्यांचे प्रश्न असे: मी आजारी आहे की आळशी झालेय? गाठ परत येतेय का? जूनच्या मध्यावर शाळा सुरू होईल, तेव्हा हजर होऊ की सरळ राजीनामा देऊ? "अर्धवट शिकवण्यापेक्षा न शिकवलेलं बरं," असं त्यांनी शेवटी लिहिलंय.

प्रिय ताई,

राजीनामा देऊ नका. निदान येतं शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत तरी नाही. एरवी मी पत्राच्या सुरुवातीलाच इतकं थेट सांगत नाही. पण हा निर्णय मागे घेता येत नाही, आणि तो तुम्ही वास्तुशांतीनंतरच्या काही वाईट दिवसांकडे बघून घ्यायला निघाला आहात. शस्त्रक्रियेला अजून चार महिने पुरते झालेले नाहीत. मी समुपदेशक आहे, औषधाबद्दलचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच. मात्र मेंदूच्या शस्त्रक्रियेतून उठणाऱ्या माणसांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलताना मला एक गोष्ट सारखी दिसते: शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणजे माणूस बरा झाला, असं सगळे धरून चालतात. तो माणूस स्वतःसुद्धा.

२०१९ चा आणि २०२१ चा महापूर आपण पाहिलाय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ४३ फुटांच्या धोक्याच्या रेषेखाली आली की पेपरात बातमी येते, परगावच्या पाहुण्यांचे फोन थांबतात. ज्यांच्या घरात पाणी शिरलेलं असतं, त्यांचं काम तिथून पुढे सुरू होतं. गाळ निघतो, पण भिंती महिनोन्महिने ओल धरून राहतात, आणि वाळत आलेली भिंत एखाद्या पावसाळी आठवड्यात पुन्हा दमट होते. तुमचा एमआरआय म्हणजे पाणी उतरल्याची बातमी. ती खरी आहे आणि आनंदाची आहे. मिस्टर ती बातमी वाचून बोलतात, तुम्ही त्या घरात राहता. दोघंही खोटं बोलत नाही.

आता त्या घरात काय काय झालंय ते बघू. पहिल्या ग्रेडचा मेनिन्जिओमा बहुधा सावकाश वाढतो. म्हणजे झटका येण्याच्या कितीतरी आधीपासून तो तुमच्या मेंदूला दाबत असणार. शस्त्रक्रियेनंतर मेंदूला सूज येते, ती उतरावी म्हणून स्टिरॉइड देतात आणि हळूहळू कमी करत बंद करतात. त्या काळात झोप उडते, भूक वाढते, मन सैरभैर होतं. कवटीचा कापलेला तुकडा छोट्या पट्ट्या आणि स्क्रू लावून परत बसवतात, तो सांधायलाच कित्येक महिने जातात. टाक्यांभोवती बधिरपणा, खाज, मधूनच टोचल्यासारखं होणं हे बऱ्याच जणांना होतं. वरून केस वाढले, पदर घेतला की लोकांना काही दिसत नाही, आणि लोक दिसतं तेवढंच धरतात.

आणि जागा बघा. डाव्या बाजूचा पुढचा भाग. नेमका शब्द वेळेवर काढून देणं, चार पायऱ्या एकदम डोक्यात धरून पाचवी मांडणं, एखादं काम सुरू करणं, आलेला राग गिळणं, यात या भागाचा मोठा वाटा असतो. वर्गसमीकरणाची मधली पायरी हरवणं, 'अवयव' न आठवणं, मुलावर ओरडणं या तिन्ही गोष्टी तुम्ही वेगवेगळ्या दुःखांसारख्या लिहिल्यात. मला त्या एकाच ठिकाणाहून येताना दिसतात. त्या जागेला इजा झाली होती, ती भरून येतेय. यात तुमची बुद्धी गेली असं म्हणायला अजून काहीच आधार नाही. आळसाचं तर बोलूच नका. आळशी बाई दिवसभर पंगतीत वाढत उभी राहत नाही.

वास्तुशांतीच्या दिवशी काय झालं असेल? मांडव, लाऊडस्पीकर, भटजींचे मंत्र, पोरांचा दंगा, एकाच वेळी चार बायकांशी बोलणं, "आता कसं वाटतंय" या प्रश्नाला पन्नासदा तेच उत्तर. धडधाकट मेंदू यातलं नको ते आपोआप गाळतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. बऱ्या होत असलेल्या मेंदूला ते गाळण्याचंसुद्धा काम पडतं. म्हणून शरीराने फारसे कष्ट न करताही माणूस पार गळून जातो. हा थकवा फसवा असतो. त्या दिवशी उत्साहात कळत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी कळतो. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच, आणि घरच्यांना पटवायला सगळ्यात अवघडही हीच, कारण ती कुठल्या रिपोर्टात छापून येत नाही.

तुमच्या पत्रातली एक सवय मला खटकली, आणि माझ्या मते खरी गडबड तिथेच आहे. बऱ्या दिवशी तुम्ही राहिलेली सगळी कामं उरकता आणि वाईट दिवशी स्वतःला दोष देत पडून राहता. मग पुढच्या बऱ्या दिवशी मागचं भरून काढायला आणखी जास्त करता. हे चक्र तोडायचं तर हात बऱ्या दिवशी आवरायला हवा. 'अजून होईल' असं वाटत असतानाच थांबायचं. दुपारची विश्रांती दमल्यावर घ्यायची नाही, ठरलेल्या वेळी घ्यायची: पडदे ओढून, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून, वीस-पंचवीस मिनिटं. एका दिवशी एकच मोठं काम. बाजार असेल तर पाहुणे नकोत, दवाखान्याची तारीख असेल तर त्या दिवशी स्वयंपाक दुसऱ्या कुणी करावा. महाद्वार रोडला जायचंच असेल तर सकाळी दुकानं उघडताना जा, संध्याकाळच्या गर्दीत नको. गणपतीत आपल्याकडे मिरवणुकीचा आवाज कसा असतो ते वेगळं सांगायला नको. यंदा विसर्जनाला रस्त्यावर उभ्या राहू नका.

एक साधी वही करा. रोज चारच नोंदी: रात्री झोप किती झाली, आज मुख्य काम काय केलं, गोंगाट आणि माणसं किती होती, दुसऱ्या दिवशी कसं वाटलं. रोज ती वाचत बसू नका. महिन्याने उघडा, आणि मे महिना मार्चच्या शेजारी ठेवून बघा. मार्चचं लिहिलेलं नसेल तर मिस्टरांना आणि मुलाला विचारा, मार्चमध्ये तुम्ही काय करू शकत नव्हता. कालच्याशी आजची तुलना केली की या आजारात माणूस हमखास खचतो. महिन्याची महिन्याशी केली की काहीतरी खरं हाती लागतं. डॉक्टरांपुढेही ही वही "बरं वाटत नाही" या तीन शब्दांपेक्षा जास्त बोलते.

गाठ परत येतेय का, ही भीती. ती वेडगळ नाही. पूर्ण काढलेली गाठही काही जणांत वर्षांनी पुन्हा उगवू शकते, म्हणूनच डॉक्टर एमआरआय चालू ठेवतात. पण सावकाश वाढणारी गाठ वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी येऊन चौथ्या दिवशी जात नाही. विश्रांतीने ओसरणारा थकवा वेगळा. ज्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, त्या गोष्टी अशा: जखमेतून किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव, ताप येऊन मान आखडणं, दिवसागणिक वाढणारी डोकेदुखी आणि उलट्या, हात-पाय किंवा चेहऱ्याची एक बाजू नव्याने कमजोर होणं, बोलणं किंवा दिसणं अचानक बिघडणं, उठवूनही न जाणारी गुंगी, नवा झटका. पोटरी सुजून दुखू लागली किंवा एकाएकी दम लागला तर तेही. ही यादी फ्रीजवर लावा. यातलं काही नसेल तर वाईट दिवस हा वाईट दिवस म्हणून जाऊ द्या.

आता गोळीबद्दल. नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण लेव्हेटिरासिटामसारख्या गोळीने काहींना चिडचिड, उदासी होते हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं. तेव्हा तुमचा संशय बरोबर असू शकतो. उपाय मात्र गोळी सोडण्याचा नाही. अशी गोळी एकदम बंद केली तर मोठा झटका येऊ शकतो. येत्या भेटीची वाट न बघता फोन करा आणि सांगा, "गोळी सुरू झाल्यापासून मी अशी वागते." मात्रा बदलता येते, दुसरं औषध देता येतं. तोवर जागरण आणि चुकलेली गोळी या दोन गोष्टी टाळा, दोन्हींनी झटका ओढवतो. अंबाबाईचा शुक्रवार धरत असाल तर उपवासालाही गोळी वेळेवर घ्या, आणि रिकाम्या पोटी राहायचं की नाही ते डॉक्टरांना विचारून ठरवा. कुणी मेंदूसाठी म्हणून चूर्ण, काढा आणून दिला तर आधी त्यांना दाखवा. बदाम-अक्रोड मात्र सासूबाईंच्या समाधानासाठी खुशाल खा. स्कूटी न्यूरोलॉजिस्टनी परवानगी देईपर्यंत नको. वाहन परवान्याच्या अर्जात फिट आणि बेशुद्धीबद्दल विचारतात ते उगीच नाही.

रडण्याबद्दल थोडं वेगळं बोलते. ओरडल्यावर लाज वाटून येणारं रडू मला समजतं. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ रोजच मन काळवंडलेलं असेल, कशातच रस वाटत नसेल, जगून काय करायचं असे विचार येत असतील, तर त्याला थकवा म्हणून बाजूला सारू नका. शस्त्रक्रियेनंतरचं नैराश्य हा उपचार करण्याजोगा आजार आहे. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मध्यरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

मिस्टरांवर तुम्ही रागावला आहात. रागावण्यासारखं ते बोललेही. तरी मला वाटतं, "रिपोर्ट नॉर्मल आहे" हे ते निम्मं स्वतःलाच सांगत असतील. नोव्हेंबर ते जानेवारी या दिवसांत ते किती घाबरले होते, यावर तुमच्या घरात कधी बोलणं झालंय का? पत्रात तरी दिसलं नाही. पुढच्या भेटीला त्यांना दारात गाडी लावून थांबू देऊ नका, आत न्या. डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचारा: हा थकवा अपेक्षित आहे का, किती महिने चालेल, काय करायचं नाही. बायकोचं ऐकून जे पटत नाही ते डॉक्टरांच्या तोंडून पटतं, हे आपल्या घरांतलं सत्य आहे. त्यावर वाईट वाटून घेण्यात शक्ती घालवू नका.

सासूबाईंचं प्रेम तुम्हाला खुर्चीत बसवून ठेवतंय, आणि नुसतं बसूनही माणूस खचतो. त्यांच्याकडून रोजचं एक काम मागून घ्या, जे संपूर्ण तुमचं असेल. भाजी निवडणं, दोन वेळचा चहा, चपात्या. तळण आणि उकळत्या पाण्याची मोठी पातेली एवढ्यात नकोत, आणि गॅसजवळ असताना घरात कुणीतरी जागं असावं. न्हाणीघराला आतून कडी लावू नका. भेटायला येणाऱ्यांना सांगायचं काम मात्र सासूबाईंनाच द्या. "पाचनंतर या, अर्धा तास बसा" हे त्यांनी म्हटलं तर कुणाला वाईट वाटणार नाही, तुम्ही म्हटलं तर वाटेल.

मुलाशीही सरळ बोला. त्या वयाच्या मुलाला न सांगितलेली गोष्ट सांगितलेल्यापेक्षा जास्त घाबरवते. आईच्या डोक्याचा जो भाग राग आवरतो तो अजून भरून येतोय, आई ओरडली तर त्याचा दोष नाही, हे त्याला कळू दे. आणि झटका आला तर काय करायचं ते शिकवा: कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, आजूबाजूचं टोकदार सामान हटवायचं, घड्याळ बघायचं. तोंडात चमचा, पाणी काही घालायचं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा आणि चप्पल हुंगवण्यात वेळ घालवायचा नाही. पाच मिनिटांत थांबलं नाही, लगोलग दुसरा आला किंवा शुद्ध आली नाही तर १०८. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं, आणि शाळेत तुमच्याशेजारी बसणाऱ्या एका तरी शिक्षिकेला.

आता शाळा. पहिल्या दिवशी पूर्ण वेळापत्रक घेऊन हजर होणं मला धोक्याचं वाटतं. साठ मुलांचा वर्ग, पाठोपाठ तास, वह्या, वर्गशिक्षकाची कामं; पहिला आठवडा निभेल, दुसऱ्यात तुम्ही आडव्या व्हाल आणि 'मला जमत नाही' असा शिक्का स्वतःच मारून घ्याल. राजीनाम्याचं सांगितलंच. उरतात दोन वाटा. एक, रजा वाढवून दिवाळीनंतरच्या सत्रात हजर होणं. सेवापुस्तक घेऊन लिपिकांबरोबर बसा: अर्धवेतनी रजा किती शिल्लक आहे, वैद्यकीय दाखल्यावर त्यातली पूर्ण पगाराच्या रजेत परावर्तित किती होते, त्यानंतर बिनपगारी किती काढावी लागेल. घरचे हप्ते डोळ्यांसमोर ठेवून हिशोब करा, भिडेपोटी नाही. दुसरी वाट, डॉक्टरांनी फिटनेस दिला तर जूनमध्येच हजर होणं, पण कमी ओझ्यावर: दिवसाला दोन-तीन तास, तेही सकाळच्या बाजूचे, मध्ये एक ऑफ तास, दहावीऐवजी सहावी-सातवी, वर्गशिक्षकपद नाही, पहिल्या घटक चाचणीची पेपर तपासणी दुसऱ्याकडे. शाळा तयार असेल तर मी दुसरी वाट घेईन. घरात बसून शिकवण्याचा सराव होत नाही, आणि तुमच्या पत्रात सगळ्यात जिवंत ओळी वर्गाबद्दलच्या आहेत.

'अर्धवट शिकवण्यापेक्षा न शिकवलेलं बरं' हे वाक्य पुन्हा एकदा तपासा. पायऱ्या कागदावर लिहून आणून, फळ्याच्या कोपऱ्यात आजचे शब्द मांडून शिकवणं अर्धवट कसं? कित्येक चांगले शिक्षक तसंच शिकवतात, आणि मागच्या बाकावरच्या मुलांना त्याचाच आधार असतो. तालीम घरी करा. आधी भाच्याला किंवा शेजारच्या एकाला अर्धा तास, आठवड्याने दोघांना, मग पंखा, रस्त्याचा आवाज चालू ठेवून, उभं राहून. कुठे अडतं ते वहीत लिहा. सोबतच डॉक्टरांकडून न्यूरोसायकॉलॉजिस्टची चिठ्ठी मागा. लक्ष, स्मरण, नियोजन यांच्या चाचण्या करून नेमकं काय मंदावलंय आणि काय शाबूत आहे ते सांगतात. शब्द न सापडण्यावर वाचा-उपचारतज्ज्ञ व्यायाम देतात. वर्षभरानंतरही काही गोष्टी सावकाशच राहिल्या, असंही होऊ शकतं, ते मी लपवणार नाही. तेव्हा कामाची विभागणी बदलायचा विचार करता येईल. तशी वेळ आलीच तर एवढं माहीत असू द्या, की नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी आणि अनुदानित संस्थेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, असं २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा सांगतो.

शाळेचं वेळापत्रक सहसा शाळा उघडण्याच्या आधीच बसतं. ते बसायच्या आत मुख्याध्यापकांना भेटा. तोंडी विनंती करून येऊ नका, एका पानाचा अर्ज न्या: शस्त्रक्रियेची तारीख, डॉक्टरांचा दाखला, हवे असलेले तास, कोणती कामं पहिल्या सत्रात नकोत, आणि दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा बसून ठरवू अशी शेवटची ओळ. पोच घ्या. भेट सकाळची ठरवा, आदल्या दिवशी पाहुणे बोलावू नका, आणि मिस्टरांना सोबत न्या. एखादा शब्द अडलाच, तर अर्ज समोर असेल.